अकरा वर्षांनी सापडलेली बोलेरो आमचीच, हे कसं दाखवायचं?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि कागद
(उत्तरं देतात विदर्भातल्या आरटीओ कार्यालयांतून निवृत्त झालेले एक मोटार वाहन निरीक्षक)

प्रश्न : साहेब, आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. वडिलांनी २००९ च्या फेब्रुवारीत कापसाचा चुकारा आला तेव्हा बोलेरो घेतली. कमी पडले ते पैसे तालुक्याच्या सहकारी बँकेकडून कर्जानं. पासिंग यवतमाळचं, एमएच-२९. मे २०१४ मध्ये कारंज्याला लग्नाला गेलो होतो, तिथं रात्री मंगल कार्यालयाबाहेरून गाडी गेली. रिपोर्ट दिला, गुन्हा दाखल झाला, पुढं तपास लागला नाही म्हणून ‘अ’ समरी झाल्याचा कागद आला. विमा नुसता थर्ड पार्टीचा, त्यामुळं एक रुपया मिळाला नाही. २०१९ ला वडील वारले.

दोन महिन्यांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यातून फोन आला. तिथला एक व्यापारी आपली एमएच-२८ ची बोलेरो पंधरा वर्षांच्या रिपासिंगला घेऊन गेला, तर निरीक्षकाला चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, घासून पुन्हा ठोकलेला दिसला. इंजिन नंबर आरसीशी जुळेना. तो नंबर शोधला तर वडिलांचं नाव निघालं. मी जाऊन पाहून आलो. रंग बदललाय, सीटं बदलली, पण गाडी आमचीच आहे. मागच्या सीटखाली वडिलांनी फवारणीचा पंप बांधायला दोन कड्या वेल्ड करून घेतल्या होत्या, त्या जशाच्या तशा आहेत. व्यापारी म्हणतो, मी तीन लाख दहा हजार मोजले, आरसी माझ्या नावावर आहे, आणि इंजिन आधीच्या मालकानं भंगारातून आणून बसवलं असंल. आमची ओरिजिनल आरसी गाडीतच होती, ती गाडीसोबत गेली. घरी एक झेरॉक्स, २०१३ ची विम्याची पावती आणि गाडीची दुसरी चावी आहे. भाऊ पुण्याला असतो, बोलत नाही. काय करावं?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, अकरा वर्षं झाली म्हणून हक्क गेला, ही भीती पहिले डोक्यातून काढा. चोरानं विकलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी बसत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ तेच सांगतं : ज्याच्याजवळ स्वतःचीच मालकी नाही, तो दुसऱ्याला काय देणार? राहिला मुदतीचा प्रश्न. १९६३ च्या मुदत कायद्यात चोरीस गेलेल्या वस्तूच्या दाव्याला तीन वर्षं दिलीत, पण ती चोरीच्या रात्रीपासून मोजत नाहीत. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं, तिथून मोजतात. तुम्हाला कळून दोन महिने झालेत. म्हणजे मुदत आहे, पण ती आता चालू झाली आहे. पेरणी होऊ द्या, मग पाहू, असं करू नका.

तुमचा खरा पेच निराळा आहे. एमएच-२९ ची अमुक नंबरची बोलेरो तुमच्या वडिलांची होती, हे कोणीच नाकारत नाही. आरटीओचं दप्तर ते एका मिनिटात सांगेल. तुम्हाला दाखवायचं आहे ते हे, की ठाण्याच्या आवारात उभं असलेलं लोखंड म्हणजेच ती गाडी. कागद तुमच्याकडं आणि लोखंड तिकडं, मधला धागा चोरानं ग्राइंडरनं कापलेला. लोक कोर्टात जातात तेव्हा सगळा जोर कागदावर लावतात. आरसीची झेरॉक्स, पावत्या, सरपंचाचा दाखला. सरपंच काय चॅसिस वाचतो का? समोरचा वकील उठून शांतपणे म्हणतो, ‘कागद बरोबर आहेत साहेब, पण ही ती गाडी नाही.’ मग यांच्याकडं बोलायला काही राहत नाही.

म्हणून धागा जोडायला पहिले यवतमाळ आरटीओत जा. वाहनाच्या तपशिलाचा उतारा, ज्याला आपण आरसी पर्टिक्युलर म्हणतो, तो शिक्क्यानिशी घ्या. तो मिळणं अवघड नाही. अवघड आणि जास्त कामाची आहे ती २००९ ची नोंदणीची मूळ फाइल. गाडी पहिल्यांदा पासिंगला येते तेव्हा फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२ हे तिच्यात असतं आणि बहुतेक वेळा चॅसिस प्रिंटही असते. हे प्रकरण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चॅसिसच्या पट्टीवरची माती-ऑइल पुसायचं, ठोकलेल्या नंबरवर पातळ कागद दाबून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. कागद काळा होतो आणि अक्षरं पांढरी उमटतात. तो तुकडा अर्जाला चिकटवायचा. माझी निम्मी नोकरी असल्या तुकड्यांवर भिंग धरण्यात गेली, डोळ्याचा नंबर त्यातच वाढला.

या प्रिंटमध्ये नुसता नंबर नसतो, नंबर ठोकण्याची लकब असते. कोणता आकडा किंचित वर चढलाय, कोणत्या दोन अक्षरांत अंतर जास्त आहे, ३ चं पोट गोल आहे की वरून सपाट. झेरॉक्सवर टाइप केलेला नंबर कोणीही टाइप करेल. ही लकब कोणाला पुन्हा आणता येत नाही. चोराच्या माणसानं बाजारातल्या पंचनं, म्हणजे आकडे ठोकायच्या ठशानं, ठोकलेले आकडे तर शेजारी ठेवले की डोळ्याला टोचतात. तुमच्या फाइलमध्ये प्रिंट असेल तर तिची साक्षांकित प्रत मागा. बाबू ‘जुनं रेकॉर्ड आहे, सापडत नाही’ म्हणाला तर वाद घालू नका, माहिती अधिकारात अर्ज टाका आणि पोहोच घ्या. तपास अधिकाऱ्यालाही ती फाइल पत्र देऊन मागवता येते, त्याच्या पत्रावर कपाट लवकर उघडतं.

आरटीओत प्रिंट मिळाली नाही तर बँकेत जा. गाडीवर कर्ज होतं ना? कर्जाच्या प्रकरणात कोटेशन, बिलाची प्रत, विम्याची कव्हर नोट असते आणि कितीतरी ठिकाणी चॅसिस प्रिंटही लावून घेतलेली असते. कर्ज फिटलेल्या फायली बँका गठ्ठा बांधून मागच्या खोलीत टाकतात. मॅनेजर नवीन असेल, त्याला माहीत नसेल. जुन्या शिपायाला विचारा. त्याच फेरीत बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घ्या. पुष्कळ शेतकरी कर्ज फेडतात, पण आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ भरून उतरवत नाहीत. तुमचा तसाच राहिला असेल तर उद्या कोर्ट विचारेल, बँकेचं काय?

आता ते लोखंड. घासलेला नंबर गेला असं लोकांना वाटतं, तो बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. पंच ठोकताना लोखंड वरच दबत नाही, आकड्याच्या खालचा थरही दाबला जातो. वरचा ठसा ग्राइंडरनं गेला तरी खालचा दाबलेला थर शिल्लक असतो आणि त्यावर आम्लाचा परिणाम बाजूच्या लोखंडापेक्षा वेगळा होतो. प्रयोगशाळेचे लोक जागा गुळगुळीत करून तिथं कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण लावतात, पुसतात, पुन्हा लावतात. मग जुने आकडे धुरकट वर येतात. तेवढ्यात फोटो काढायचा असतो. फार खोल घासलं असेल, किंवा नंबरची पट्टीच कापून दुसऱ्या गाडीची वेल्ड केली असेल, तर हे जमत नाही. पण वेल्ड केली असेल तर पट्टीच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ सापडते, आणि तीही पुरावाच आहे. हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचं. नागपूरला आहे, अमरावतीला आहे. पोलिसांच्या बोलण्यात ‘सीएचा’ (केमिकल अॅनालायझरचा) रिपोर्ट म्हणतात तो हाच. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की मूळ नंबर काढण्यासाठी तपासणी व्हावी, आणि अर्जावर ठाण्याचा शिक्का घ्या.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. तुम्ही, तुमचा मेकॅनिक, तुमचा मेव्हणा, कोणीही त्या पट्टीला पॉलिश पेपर लावायचा नाही. ‘बघू तर खरं खाली काय आहे’ म्हणून घासून पाहिलं की प्रयोगशाळेचं काम बिघडलं, आणि वर नंबरची छेडछाड तुम्हीच केली असा आरोप करायला समोरच्याला जागा मिळाली.

इंजिनचं म्हणाल तर, व्यापारी बोलतो ते अगदीच हवेतलं नाही. इंजिन बदलतात, आपल्याकडं जुनी इंजिनं विकतही मिळतात. म्हणून एकट्या इंजिन नंबरवर सगळं टांगू नका. पण कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा कोणत्या चॅसिसला कोणतं इंजिन होतं, ही जोडी कंपनीकडं असते आणि आरटीओच्या दप्तरातही तीच असते. घासलेल्या जागेखालून तुमच्या चॅसिसचे चार आकडे जरी वर आले आणि इंजिन त्याच जोडीतलं निघालं, तर भंगारातून आणलेलं इंजिन नेमकं त्याच गाडीच्या चॅसिसवर येऊन कसं बसलं, हे त्याला सांगावं लागेल. कंपनी तुमच्या पत्राला उत्तर देईल याची खात्री नाही; ते पत्र तपास अधिकाऱ्याकडून जाऊ द्या. खरं इंजिन बदललं असतं तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, हेही त्याला विचारायला सांगा. नोंद असती तर रिपासिंगला नंबर अडला नसता.

कड्यांचं ऐकून मला बरं वाटलं, पण तुम्ही गाडी पाहून आलात आणि मग कड्यांचं सांगताय, ही त्यातली खोट. २०१४ च्या रिपोर्टमध्ये कड्यांचा उल्लेख आहे का, ते पहिले बघा. असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर चोरीच्या आधीचा साक्षीदार लागेल. वेल्डिंग कोणी केलं? तो माणूस गावात असेल, दुकान असेल, तर पोलिसांना त्याचा जबाब घ्यायला लावा. घरात लग्नाचे अल्बम उघडा. वऱ्हाड बोलेरोतून उतरताना काढलेला एखादा फोटो असेल, मागचं दार उघडं, नंबर प्लेट दिसते आणि सीटखालची कडीही. असे फोटो निघतात, मी पाहिलेत. अजून काही खुणा आठवत असतील, ज्या बाहेरून दिसत नाहीत आणि या वेळी तुम्ही पाहिल्या नाहीत, तर त्या आत्ताच कागदावर लिहून अर्जात घाला. डॅशबोर्डच्या मागं वायर कोणत्या रंगाची जोडली होती, स्टेपनीच्या जागी कुठं पत्रा बदलला होता. आधी लिहायचं, मग पंचांसमोर उघडून पाहायचं. पाहून लिहिलेल्याला किंमत नाही.

ती दुसरी चावी सांभाळा. तिच्यावर नंबर असेल तर तोही टिपून ठेवा. चोरीच्या गाडीचं इग्निशनचं कुलूप बहुतेक बदललेलं असतं, पुढच्या दारांचंही असतं. मागच्या दाराचं कुलूप बदलायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पण जाऊन गुपचूप लावून पाहू नका. तपास अधिकाऱ्याला म्हणा, दोन पंच बोलवा, व्हिडिओ चालू ठेवा आणि चावी लावा. लागली तर पंचनाम्यात ‘अर्जदाराने हजर केलेल्या चावीने मागील दरवाजाचे कुलूप उघडले’ हे वाक्य यायला पाहिजे. नाही लागली तर नुकसान काही नाही, अकरा वर्षांत कुलूप बदललं असेल एवढंच.

घरातल्या कागदांबद्दल माझा एक साधा हिशेब आहे : चोरीच्या आधीची तारीख असलेला कागद पहिला. तुमची २०१३ ची विम्याची पावती म्हणून मोलाची, कारण तिच्यावर चॅसिस आणि इंजिन दोन्ही नंबर छापलेले असतात आणि त्या वेळी कोणाला माहीत नव्हतं की पुढच्या वर्षी गाडी जाणार आहे. सर्व्हिसिंगची जॉब कार्डं, पीयूसी, वन टाइम टॅक्सची पावती, सगळं शोधा. आज स्टॅम्पवर दहा लोकांची प्रतिज्ञापत्रं करण्यात पैसे घालू नका. कारंज्याच्या गुन्ह्याची एफआयआर आणि ‘अ’ समरीचा हुकूम मात्र लागेलच. ठाण्यातून मिळाला नाही तर ज्या कोर्टानं समरी मंजूर केली तिथं नकलेचा अर्ज करा. ‘अ’ समरीचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपी-माल सापडला नाही असा आहे. केस बंद झाली म्हणजे तुमचा दावा खोटा ठरला असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. माल सापडल्यावर तपास पुन्हा उघडता येतो.

आता कोर्ट. ठाणेदाराला पहिला प्रश्न हा विचारा, की गाडी कोणत्या गुन्ह्यात जप्त आहे? त्यांच्याकडं नवीन गुन्हा दाखल झालाय, की गाडी कारंज्याच्या जुन्या गुन्ह्यात वर्ग होणार आहे? त्यावर अर्ज कोणत्या कोर्टात करायचा ते ठरतं. चुकीच्या कोर्टात अर्ज करून तारखा घालवणारे फार आहेत. योग्य त्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करण्याच्या हमीवर, मिळण्याचा अर्ज टाकायचा. जुन्या फौजदारी संहितेत ही कलमं ४५१ आणि ४५७ होती. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ४९७ आणि ५०३ झाली. गुन्हा जुना, जप्ती नवी, म्हणून वकील दोन्ही आकडे लिहितील. लिहू द्या.

कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवेल, व्यापाऱ्यालाही म्हणणं मांडायला बोलवेल. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका; फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि हक्कदाराला द्या. नव्या संहितेच्या ४९७ मध्ये तर मालाचं वर्णन १४ दिवसांत आणि त्यापुढं ३० दिवसांत मालाची व्यवस्था अशी मुदतच घातली आहे. तरी कोणत्याही ठाण्याच्या मागं जाऊन पाहा, बोनेटमधून बाभूळ वर आलेली जीप दिसेलच. म्हणून पाठपुरावा तुमचाच.

घाई करायला आणखी एक कारण आहे. ज्या मालाचा मालक समजत नाही त्याची जाहिरात निघते आणि सहा महिन्यांत कोणी दावा सिद्ध केला नाही तर माल सरकारजमा होऊन लिलावात जाऊ शकतो. तुमचं नाव पोलिसांना माहीत आहे, तुम्हाला फोनही आला. तरी लेखी दावा कोर्टात नसेल तर ‘माहीत होतं’ याला अर्थ राहत नाही. मात्र नंबरची तपासणी आधी आणि ताबा नंतर, असा क्रम ठेवा. गाडी घरी आली की तिच्यावरच्या पुराव्याचं वजन कमी होतं.

आई असेल तर अर्जदार तिला करा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, तुम्ही, भाऊ, बहिणी असतील तर त्या, सगळे सारखे वारस आहेत. भाऊ बोलत नाही म्हणून त्याचं नाव गाळू नका. गाळलेला वारस समोरच्या वकिलाला आयता सापडतो. आईच्या नावानं अर्ज, बाकीच्यांची संमतीपत्रं. भावाकडून पोस्टानं आलं तरी चालेल, नाहीच आलं तर तो वारस आहे एवढं अर्जात लिहा. आईसाठी तो सही करतो की नाही बघा. पुष्कळदा करतात. वडिलांच्या नावावरच डुप्लिकेट आरसी काढून घ्या असं एखादा एजंट सुचवेल. मेलेल्या माणसाची सही कोण करणार आहे? त्या भानगडीत पडायचं नाही. ताबा मिळाल्यावर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, तो रस्ता सरळ आहे.

व्यापाऱ्याशी भांडू नका. तोही लुबाडलाच गेलाय. बहुधा असं झालं असणार, की अपघातात चुराडा झालेल्या एमएच-२८ च्या बोलेरोचे कागद कोणीतरी विकत घेतले आणि तो नंबर तुमच्या गाडीवर ठोकला. हा धंदा जुना आहे. आरसी त्याच्या नावावर आहे ती त्या चुराडा झालेल्या गाडीची, तुमच्या गाडीची नाही. त्याचे तीन लाख दहा हजार त्यानं त्याला गाडी विकणाऱ्याकडून मागायचे. विकणाऱ्याला विकायचा हक्क असावा ही अट त्याच १९३० च्या कायद्यात कलम १४ मध्ये आहे. मात्र एखाद्या दिवशी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कोणी तुम्हाला बाजूला घेईल आणि म्हणेल, ‘पन्नास हजार घ्या आणि गाडी आमची नाही एवढं बोला.’ चहा प्या, पैसे घेऊ नका. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे आणि तुमचा २०१४ चा रिपोर्ट त्याच दिवशी तुमच्यावर उलटेल.

एवढं करून हाती काय येईल, तेही सांगतो. सुपूर्तनाम्यावर मिळालेली गाडी म्हणजे कोर्टाची ठेव. विकता येणार नाही, रंग बदलता येणार नाही, बोलावलं की हजर करावी लागेल. शेवटचा हुकूम खटल्याच्या निकालासोबत होतो. शिवाय तुमची नोंदणी २००९ ची, पंधरा वर्षं २०२४ मध्ये संपली. रस्त्यावर काढायची तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर, नवीन नंबर प्लेट. नुसत्या नूतनीकरणाची फी मोटारीला एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झाली. नंबर पुन्हा ठोकून घ्यायला आरटीओची लेखी परवानगी लागेल. रुपयात मोजलं तर जुन्या बोलेरोसाठी हा उपद्व्याप अंगावर येतो. नोंदणीकृत भंगार केंद्रावर देऊन जमा प्रमाणपत्र घेतलं तर काही सुटेल. पण तुमच्या पत्रात कड्यांबद्दल चार ओळी आहेत आणि किमतीबद्दल एकही नाही, तेव्हा तुम्ही गाडी आणणार हे मला दिसतंय. आणा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची कार २०१८ मध्ये चोरीला गेली. २०१९ ला विमा कंपनीनं पूर्ण क्लेम दिला. आता मध्य प्रदेशातून पोलिसांचा फोन आला की गाडी सापडली, घेऊन जा. आरसी ऑनलाइन पाहिली तर अजून मिस्टरांचंच नाव दिसतं. जावं का?
– एक वाचक भगिनी, आर्वी

उत्तर : ताई, जाऊ नका, आणि सुपूर्तनाम्यावर सही तर मुळीच करू नका. क्लेम देताना कंपनीनं मिस्टरांकडून दोन्ही चाव्या घेतल्या असतील आणि सह्यांचे बरेच फॉर्म घेतले असतील, त्यातच हक्क कंपनीकडं वळवल्याचं पत्र असतं. पैसे घेतल्यावर गाडी कंपनीची. ती सोडवून आणण्याचा अर्ज कंपनीनंच करायचा. वर सांगितलेल्या २००२ च्या निकालात विमा कंपन्यांचाही विचार केलेला आहे. तुम्ही आजच कंपनीला क्लेम नंबर घालून ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं कळवा, त्याची प्रत त्या ठाण्याला पाठवा.

तुमची खरी काळजी आरसीवरचं नाव ही असू द्या. मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक धरतात. कंपनीनं ती गाडी पुढं लिलावात विकली, घेणाऱ्यानं नावावर केली नाही आणि कुठं अपघात झाला, तर नोटीस आर्वीच्या पत्त्यावर येईल. म्हणून त्याच पत्रात लिहा की नाव बदलून घ्या आणि आम्हाला कळवा. आरटीओलाही एक अर्ज देऊन ठेवा. गाडीत जीव अडकला असेल तर क्लेमचे पैसे परत करून ती घेण्याबद्दल कंपनीशी बोलता येतं, पण मान्य करणं त्यांच्या हातात.

प्रश्न : खामगावला जुनी जीप पाहिली, किंमत जरा कमीच सांगताहेत. चोरीची नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं?
– एक तरुण शेतकरी, शेगाव तालुका

उत्तर : किंमत ‘जरा कमीच’ वाटली तिथंच तुमचं मन बोललंय. टॉर्च घेऊन चॅसिसच्या पट्टीजवळ बसा. नंबरच्या जागेवरून बोट फिरवा. आजूबाजूचा पत्रा खरबरीत आणि तेवढीच जागा गुळगुळीत लागली, किंवा तिथलाच रंग नवा दिसला, तर उठा आणि घरी जा. आकडे एका ओळीत आहेत का, ठोकल्याची खोली सारखी आहे का पाहा. चॅसिस आणि इंजिन दोन्ही नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून एमपरिवहन अॅपवरच्या माहितीशी ताडा, विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोशी नको. नंबरात गाडी बनल्याच्या वर्षाची खूण असते. आरसीवरचं वर्ष आणि ती जुळली पाहिजे. काचांवरही बनल्याच्या काळाची खूण असते, पण एखादी काच फुटून बदललेली असू शकते, सगळ्याच वेगळ्या असतील तर विचारा का. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची ‘वाहन समन्वय’ नावाची सोय आहे, तिथं चोरीच्या नोंदी तपासता येतात. आधी विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण निकामी धरून क्लेम, दिलेल्या गाडीचे कागद नाहीत ना, हे जुन्या पॉलिसीवरून विमा कंपनीच्या शाखेत विचारा.

एवढं करून घेतलीच, तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्यासमोर होऊ द्या आणि पैसे बँकेतून द्या, नोटांनी नाही. नाव लावायला घेणाऱ्याला ३० दिवस असतात. त्याआधी ओळखीच्या निरीक्षकाला गाडी दाखवून घ्या. ओळखीचा नसला तर मी शेगावला महिन्यातून एकदा दर्शनाला येतोच, मासिकाकडं पत्र टाका.